माझी काचनळी, जावेचं तेल

शिरूरच्या एका हॉस्पिटलात, जिन्याखालच्या खोलीत, मी उमेदीची सगळी वर्षं रक्त तपासण्यात घालवली. मी डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. लॅब टेक्निशियन होते. रिपोर्टवर सही करायला पुण्याहून पॅथॉलॉजिस्ट यायचे. पण हा फरक गावाकडच्या माणसाला सांगून काही उपयोग नसतो. त्यांच्या लेखी मी ‘रक्तवाली बाई’. रस्त्यात दिसले की पोरं हात मागे लपवायची.

हे काम बाहेरच्याला वाटतं तेवढं गूढ नाही. दंडातून काढलेलं रक्त काचेच्या नळीत थोडा वेळ ठेवलं की गोठतं. मग ती नळी यंत्रात घालून गरगर फिरवायची. लाल गोळा तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. त्याला सिरम म्हणतात. साखर, कोलेस्टेरॉल, काविळीचं पित्त, सगळं त्या पाण्यात मोजायचं. चांगल्या माणसाचं सिरम करडईच्या पातळ तेलासारखं दिसतं, आरपार. काविळीचं हळदीच्या पाण्यासारखं. आणि ज्याच्या रक्तात चरबी उतू चाललेली असते त्याचं दिसतं ताकासारखं. नळीमागे बोट धरलं तर बोट दिसत नाही.

चरबी तपासायची म्हणजे रात्रीपासून उपाशी यायचं. हा नियम पाळून घेण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. मांडवगणचे एक पाहुणे छातीवर हात ठेवून सांगायचे की सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, फक्त चहा घेतलाय. चहाबरोबर काय, असं विचारलं की म्हणायचे, बटर, पण ते चहात बुडवून. एक धनगर आप्पा लेकाला घेऊन आले होते. लेक रांजणगावच्या कंपनीत, पोट सुटलेला. आप्पा काटकीसारखे, तरुणपण मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. दोघांचंही रक्त तपासा म्हणाले. लेकाचं सिरम गढूळ, बापाचं झऱ्याचं पाणी. आप्पांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि लेकाला म्हणाले, “मेंढरं इकायला नको हुती.”

अशी माणसं पुष्कळ भेटली. पण कामाबद्दल लिहा असं कुणी म्हटल्यावर मला आठवली ती माझी धाकटी जाऊ, शालन. कामाच्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त छळलं असेल तर तिने, आणि तेही माझं काही वाईट न करता. वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

माझं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. शिक्षण पुण्यात झालं आणि लग्न होऊन मी तळेगाव ढमढेऱ्याला आले. घरात सासरे, सासूबाई, आम्ही दोघं आणि धाकटे दीर. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. मामांचा ऊस होता, सोसायटीत शब्द होता, गळ्यात माळ होती. सुनेने नोकरी करावी हे त्यांनी कबूल केलं, पण कौतुक कधी केलं नाही. सकाळी जीपने शिक्रापूर, तिथून एसटीने शिरूर, संध्याकाळी परत, आणि मग चुलीपुढे. मला वाटायचं, घरात मला मान आहे. मान होताच. पण मान आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला शालन आल्यावर कळलं.

ती यवतची. बारावीपर्यंत शिकलेली, सावळी, हसरी, बोलायला लागली की समोरच्याच्या हातावर हात ठेवणारी. आत्यांना मी इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण त्या दिवाळी-दसऱ्याला हसायच्या. शालन आली आणि त्या रोज हसायला लागल्या. मी जीपमधून उतरून घराकडे वळले की स्वयंपाकघरातून दोघींचा आवाज यायचा. मी आत गेले की आवाज थांबायचा. माझ्याबद्दल बोलत असतील असं नव्हे, पण मी आल्यावर काय बोलायचं हे त्यांना सुचत नसावं. मग आत्या विचारायच्या, “दमली असशील?” ही चौकशी मला टोचायची. शालनला कुणी असं विचारत नसे. तिला कामाला लावत, रागवत, हाक मारत. मला मात्र विचारत.

दोन हजार सालाच्या आसपास मामांच्या पोटात दुखायला लागलं. वरच्या भागात कळ यायची आणि पाठीपर्यंत जायची. ते गॅस म्हणायचे आणि ओवा चावायचे. एकदा दुखणं इतकं वाढलं की ह्यांनी त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं, आणि डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे रक्तासाठी पाठवलं.

ज्या घरात मी सासऱ्यांसमोर कधी पलंगावरसुद्धा बसले नव्हते, त्या घरातल्या सासऱ्यांचा दंड मला धरायचा होता. डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता आणि माझे दोन्ही हात गुंतलेले होते. मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. लोक सुईला घाबरून फिरवतात. त्यांनी माझा पदर घसरलेला दिसू नये म्हणून फिरवलं. मला ते फार बरं वाटलं. मनात आलं, आता माझ्या शिकण्याचा मामांना उपयोग होणार, आता मामांना कळणार.

नळी फिरवून बाहेर काढली तर वर ताक.

आता थोडं समजावून सांगते, नाही तर पुढची गोष्ट कळायची नाही. रक्तात मुख्य चरबी दोन जातींची. एक ट्रायग्लिसराइड. ती साखर, गोडधोड, मैदा, जास्तीचं खाणं यांतून वाढते आणि फार झाली की सिरम पांढरं करते. ती खूपच चढली तर स्वादुपिंडाला सूज येते आणि माणसाच्या जिवावर बेततं. मामांची कळ त्याच वाटेवरची होती. दुसरी चरबी म्हणजे कोलेस्टेरॉल. तिच्यातला वाईट भाग हळूहळू हृदयाच्या नळ्यांत साचतो. ती कितीही वाढली तरी सिरम आरपारच दिसतं. पहिली चरबी उघड चोर, दुसरी घरभेदी. मामांकडे दोन्ही होत्या.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि काकवी, साय, गोड चहा बंद सांगितला. घरी आल्यावर मी मामांना सगळं नीट समजावलं. कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी भाकरीवर काकवी घेतली. मी आत्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की या वयात माणसाच्या तोंडचं काढू नये. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा मामा म्हणाले, “शिरूरला सांग ग लोकान्ला.” ते रागाने म्हणाले नव्हते, म्हणून जास्त लागलं.

त्याच सुमाराला शालनच्या भावाने तिला दौंडला एका मीटिंगला नेलं. तिथे कोट घातलेल्या माणसांनी मोठ्या पडद्यावर समुद्र दाखवला. बर्फाच्या मुलखातली माणसं समुद्रातलं खाऊन राहतात आणि त्यांना हृदयविकार म्हणून होत नाही, असं सांगितलं. शालन परत आली ती एक पिशवी घेऊन. तीत सोनेरी, पारदर्शक कॅप्सूल होत्या. हातात धरल्या तर मधाचे थेंब वाटावेत अशा. शिवाय एक पांढरी पावडर, खेकड्या-कोळंबीच्या कवचापासून केलेली. ती पोटातली चरबी चिकटवून बाहेर नेते असा त्यांचा दावा होता. साखळी पद्धतीचा धंदा होता. आपण घ्यायचं, दुसऱ्याला घ्यायला लावायचं, त्याने तिसऱ्याला.

मी मनात म्हटलं, चार महिन्यांत पिशवी खुंटीला लागेल. पण शालन विकायला बसलीच नाही. ती बायकांच्या उंबऱ्यावर बसायची, शेंगा फोडू लागायची, कुणाचे गुडघे, कुणाच्या सुनेचं बाळंतपण ऐकून घ्यायची. निघताना बायकाच म्हणायच्या, ते समुद्राचं काय आणलंय ते दाखव की.

आणि मामा कॅप्सूल घ्यायला लागले. रोज जेवणानंतर, शालनच्या हातून. एवढंच नव्हे, शालनने सांगितलं की या औषधाला काकवी चालत नाही, आणि काकवी बंद झाली. औषधाला चालणं लागतं म्हणाली, आणि मामा सकाळी मळ्यापर्यंत चालत जायला लागले. साय ती स्वतःच काढून ठेवायची. तिने एकही आकृती काढली नव्हती. मी सांगितलेलं जसंच्या तसं तिने सांगितलं होतं, आणि ते तिच्या तोंडून झालं.

पुन्हा रक्त तपासायची वेळ आली, त्या दिवशी शिरूरला भारनियमन होतं. मामांचं रक्त गोठल्यावर मी हाताने फिरवायचं जुनं यंत्र काढलं आणि दांडा फिरवायला लागले. फिरवता फिरवता माझ्या लक्षात आलं की मी दात आवळलेत. मला ते तेल नापास व्हायला हवं होतं. नळीत पुन्हा ताक दिसावं, मी ती पिशवीत घालून घरी न्यावी आणि शालनसमोर धरावी, असं मला वाटत होतं. मामांचं वाईट व्हावं असं माझ्या मनात स्वप्नातही आलं नसतं. पण तेल नापास होणं आणि मामांचं रक्त बिघडलेलं असणं ही एकच गोष्ट होती, आणि मला त्यातली अर्धीच हवी होती.

यंत्र थांबलं. नळी काढून खिडकीच्या उजेडात धरली. सिरम निवळलं होतं. अगदी झऱ्यासारखं नाही, पण मागे धरलेलं माझं बोट स्पष्ट दिसत होतं, नखासकट.

वीज आल्यावर आकडे काढले. ट्रायग्लिसराइड निम्म्याहून खाली आलं होतं. मी पुन्हा तपासलं. घरच्या माणसाचा रिपोर्ट आहे म्हणून खात्री करून घेतेय, असं बरोबरच्या मुलीला सांगितलं. दुसऱ्यांदाही तेच आलं. कोलेस्टेरॉल मात्र होतं तिथेच, उलट किंचित वर. तेव्हा मला कळलं की मामांनी डॉक्टरांच्या गोळ्या गुपचूप बंद केल्यात. रिपोर्टमध्ये मला हवी ती एक गोष्ट सापडली होती. पण घरी ती कुणी ऐकून घेतली नाही. मामांची कळ थांबली होती, आणि पोटातल्या कळेपुढे माझ्या आकड्याला कोण विचारतो? बाजाराच्या दिवशी मामा पारावर सांगत होते, “धाकलीच्या गोळ्यांनी रगात निवाळलं. थोरलीनं मशीनीत बघितलंय.”

म्हणजे माझं मशीन तिचं साक्षीदार झालं.

पुढे तर कहरच झाला. तळेगाव, शिक्रापूर, पार यवतपासून माणसं माझ्या जिन्याखाली यायला लागली. तपासून घ्या म्हणून शालनताईंनी सांगितलंय, असं म्हणायची. ती आपल्या गिऱ्हाइकांना आधी रक्त तपासायला लावत होती आणि मग कॅप्सूल देत होती. हॉस्पिटलचे डॉक्टर मला म्हणाले, तुमच्या जाऊबाई भलत्याच हुशार दिसतात. मी हसले. इतकी वर्षं त्या खोलीत बसून मी कधी डॉक्टरांच्या तोंडून ‘हुशार’ हा शब्द ऐकला नव्हता. ‘अचूक’ ऐकला होता. अचूक तर तराजूही असतो.

एक दिवस कॅप्सूलची एक बाटली मी लॅबमध्ये नेली. तपासायला काही साधन नव्हतं, पण राहवत नव्हतं. एक कॅप्सूल काचपट्टीवर ठेवून तिला सुई टोचली. पिवळं तेल बाहेर आलं आणि खोलीभर वास पसरला. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. शेजारी कोकणातली कुटुंबं होती, बाजारात सुकट-बोंबील यायचे. तो वास मला डोळे मिटून ओळखता आला असता. ते माशाचं तेल होतं. ती फुटकी कॅप्सूल मी हातरुमालात गुंडाळली. आणि मामा माळकरी.

शालनने घरात ‘समुद्रातलं तेल’ म्हणून सांगितलं होतं, आणि समुद्र म्हटल्यावर आमच्याकडे कुणाला मीठ सोडून काही आठवत नाही. ऊस आणि कांदा पिकवणाऱ्या मुलखात समुद्राचा पत्ता कोण विचारणार? पण मी शिकलेली होते, मला आधीच संशय यायला हवा होता. तो आला नाही, कारण त्या कॅप्सूल मी कधी हातातच घेतल्या नव्हत्या. रागाने.

त्या दिवशी एसटीत मी खिडकीशी बसून गालातल्या गालात हसत होते. शालनची सगळी पुण्याई माझ्या हातरुमालात होती. रात्रीच्या जेवणाला सगळे पंगतीत असताना सांगायचं, की आत्यांदेखत सांगायचं, की मामा पारावर असताना, असे बेत मी करत होते. गूळ तोंडात धरावा तसं ते मी काही दिवस धरून ठेवलं.

पण प्रत्येक बेत एका जागी येऊन अडत होता. मामांना कळलं की ते तेल त्या क्षणी सोडतील. तेल सोडतील तसा पथ्याचाही राग धरतील, काकवी परत येईल, आणि डॉक्टरांच्या गोळ्या तर त्यांनी आधीच सोडलेल्या. मग पुन्हा ती कळ, आणि पुन्हा मीच त्यांचा दंड धरणार. त्या वेळी नळीत ताक दिसलं, तर ते मला बघवणार नव्हतं.

म्हणून मी शालनला एकटीलाच गाठलं. ती विहिरीजवळ धुणं धूत होती. खरं सांगते, तिचा चेहरा पडलेला आपण एकटीनेच पाहावा, हाही एक लोभ त्यात होता. मी म्हटलं, “तुझ्या कॅप्सूलमध्ये माशाचं तेल आहे. मी फोडून पाहिलं.”

तिला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली की मीटिंगमध्ये समुद्री वनस्पती सांगितलं होतं. मी म्हटलं, वनस्पतीला असा वास येत नाही. तिचा चेहरा पडला, मला हवा होता तसाच. पण त्याचं सुख मला पुरतं घेताही आलं नाही. ती पिळा तसाच टाकून उठली आणि ओल्या हातांनी घराकडे चालू लागली. मला वाटलं, बाटल्या लपवायला चाललीय. मी मागोमाग गेले.

ती सरळ ओसरीवर मामांपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, “मामा, म्या तुमाला माशाचं तेल खायला घातलं. मला ठावं नव्हतं. आता कळलं.”

मामा उठून न्हाणीत गेले, डोक्यावरून पाणी घेतलं, माळ काढून देवापुढे ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आत्याही जेवल्या नाहीत. शालन मागच्या दाराशी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. घर गप्प होतं, कुणी हसत नव्हतं. आणि मी स्वयंपाकघरात एकटी, कुणीही न खाल्लेल्या भाकरींकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मामांनी आम्हा दोघींना बोलावलं. माझ्याकडे बघून विचारलं, “थोरले, खरं सांग. त्या तेलानं माझं रगात निवाळलं का न्हाई?”

मी पदर सावरला. नाही म्हणाले असते तर तिथे मला खोटं पाडणारं कुणी नव्हतं. पण ज्या कामाची पोळी खाल्ली त्या कामात मला खोटं बोलता येत नाही. ती माझ्या चांगुलपणाची गोष्ट नाही, सवय आहे. मी म्हटलं, “निवळलं, मामा. थोडं तेलाने, थोडं तुम्ही काकवी सोडलीत आणि चालायला लागलात त्याने. पण दुसरी चरबी डोळ्यांना दिसत नाही. ती तशीच आहे. तिच्यावर या तेलाचं काही चालत नाही, त्याला डॉक्टरांचीच गोळी लागते.”

त्यांनी मान हलवली. मग शालनकडे वळून म्हणाले, “तू सोत्ता यिऊन सांगितलंस. दुसऱ्या कुनाकडनं कळलं असतं तर तुझ्या हातचं पानी घेतलं नसतं.”

शालन चटकन म्हणाली, “मला तरी कुठं ठावं हुतं? ताईंनी शोधलं.”

“व्हय,” मामा म्हणाले. “तिला कळतंच समदं.”

तेवढंच. तिला कळतंच समदं. जणू विहिरीला पाणी असतंच, भिंत उभी असतेच. शालनचं न कळणं त्यांनी पोटात घातलं आणि माझं कळणं धरून चालले. इतकी वर्षं झाली, ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मामांनी गावातल्या महाराजांना विचारून पुन्हा माळ घातली. तेल बंद झालं, पण मला भीती होती तसं पथ्य मोडलं नाही. शालन समोर बसलेली असताना ते काकवीचं नाव काढत नसत. तिने जवसाची चटणी सुरू केली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की माशात जे आहे त्याच्या जवळचं काहीतरी जवसात असतं. ते खरं आहे, पण ते शरीराला फार थोडं लागू पडतं, हे मी सांगितलं नाही. चटणी चांगली व्हायची. डॉक्टरांच्या गोळ्या मामा घ्यायला लागले आणि पुढच्या तपासणीत तो घरभेदी आकडाही उतरला.

मला वाटलं होतं, आता निदान तिचा धंदा तरी बसेल. ती घरोघर गेली. ज्या ज्या माळकऱ्याला कॅप्सूल दिल्या होत्या त्याच्या दारात उभी राहून सांगितलं, हे माशाचं आहे, मी चुकले. एका घरात म्हातारीने तिच्या अंगावर बाटली फेकली. ती बाटली उचलून तिने पदरात घेतली आणि पुन्हा माफी मागितली. झालं! आठवड्याच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. अशी खरं बोलणारी बाई मिळायची नाही, असं जो तो म्हणू लागला. ज्यांच्या गळ्यात माळ नव्हती ते सगळे तिच्याकडेच वळले.

मग ती माझ्याकडे शिकायला बसू लागली. रविवारी दुपारी, भांडी झाल्यावर. कोणाला द्यायचं, कोणाला नाही, असं विचारायची. मी सांगितलं की ज्याची नळी गढूळ दिसते त्याला या तेलाचा उपयोग होतो, पण तोही डॉक्टरांना विचारून. नुसत्या कोलेस्टेरॉलवाल्याला देऊ नकोस. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल त्याला तर अजिबात नको. आणि खेकड्याची ती पावडर चरबी चिकटवते ती इतकी थोडी की पिशवीत ठेवली काय आणि पोटात घातली काय, सारखंच. तिने पावडर त्या दिवसापासून बंद केली. बाकीचं तिने बायकांना सांगितलं, पण तिच्या भाषेत. पुढे माझ्याच लॅबमध्ये सुईखाली बसलेल्या एका आजीबाईंनी मला ऐकवलं, “बाई, एक चरबी दारात बसती, एक माळ्यावर दडती. दारातलीला तेल, माळ्यावरलीला गोळी. आमची शालन सांगती.” उघड चोर आणि घरभेदी यांपेक्षा ते चांगलं होतं. मला तेही सहन झालं नाही.

काही वर्षांनी दौंडमधलं त्या कंपनीचं ऑफिस बंद झालं आणि साखळी तुटली. शालनने पिशवी ठेवून दिली, पण बायका यायच्या थांबल्या नाहीत. मामा चांगले म्हातारे होऊन गेले, हृदयाने नव्हे, वयाने. शेवटच्या आजारात पाणी पाजायला त्यांना शालन लागायची. मी दंडाला हात लावला की मात्र ते न सांगता मूठ आवळायचे, शीर वर यावी म्हणून. एवढी एक गोष्ट आमच्या दोघांची होती. ती मी कुणाला दिली नाही.

लॅब सोडल्यावर एकदा सहज म्हणून तिथेच जाऊन माझं रक्त तपासून घेतलं. सिरम सुंदर, आरपार. आणि कोलेस्टेरॉल छपराला टेकलेलं. त्याच दिवशी शालनचंही तपासलं होतं. ती तळलेलं खाते, साय खाते, दुपारी झोपते. तिचा आकडा एखाद्या कॉलेजातल्या पोरीचा असावा तसा. माझा रिपोर्ट हातात आल्यावर मला पहिला विचार हृदयाचा आला नाही. शालनला कळता कामा नये, हा आला.

तिला कळलंच. कसं ते तीच जाणे. संध्याकाळी माझ्या पलंगावर येऊन बसली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “ताई, गोळी डॉक्टरांचीच घ्यायची. पन घेताय का न्हाई, ते म्या बघनार.”

तेव्हापासून रोज जेवण झालं की ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहते. मी गोळी गिळेपर्यंत हलत नाही. काही दिवस तर मी केवळ तिने जावं म्हणून गिळली. यंदा पुन्हा तपासलं, आकडा उतरलाय. गोळी डॉक्टरांनी दिली, घेतली मी. पण गावात कुणाला विचाराल, तर सांगतील, थोरलीचं कोलेस्टेरॉल शालनने उतरवलं.

आणि अचूक सांगायचं तर ते खोटं नाही.